मी सांगितलेला झरा

दिघाशीच्या उतारावर झरा नव्हता. कधीच नव्हता.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवून दाराकडं बघितलं — कुणी आलं का म्हणून. घरात कुणी नाही. सून ड्युटीवर, मुलगा त्याच्या टेम्पोंच्या मागं, नात क्लासला. तरी बघितलंच. हे वाक्य इतकी वर्षं माझ्या तोंडातून निघालेलं नाही. देवापुढं हात जोडताना मनात यायला लागलं, की मी घाईघाईनं आरती सुरू करते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर? नसतं सांगितलं. खरंच नसतं.

तशी मी गप्प बसणारी बाई नव्हे. आमच्या शेलार गावात कुणालाही विचारा — रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून ओट्यावर बसवते, त्याच्या घरचं सगळं काढून घेते, माझ्या घरचं सगळं सांगते. शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती नातीच्या शेजारी बसून, तिच्याच पाटीवर. तेव्हा माझं लिहिणं बोलण्यासारखंच. मधेच भरकटेन. भरकटू द्या — जिथं जायचंय तिथं जायला पाय उचलत नाहीत, म्हणून भरकटते.

आधी आत्ताचं सांगते, ते सोपं आहे. माझ्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय. पाणी जास्त झालं की पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलंय. रोज सकाळी माझी सून ज्योती स्टीलची बाटली भरून उशाशी ठेवते — दिवसभराचं तेवढंच. मी चहा घेतला, की ती कपभर पाणी त्या बाटलीतून काढून तुळशीला घालते. आमटी पातळ झाली तर तीही हिशेबात धरते. पण ओरडत नाही हो कधी. "आई, घोट तोंडात घोळवा, मग गिळा, तहान मरते," असं समजावते. उन्हाळ्यात ओठ फुटले की ओलं फडकं लावते. बाटली हातात देताना कधी कधी तिचेच डोळे भरतात. आणि मी भिंतीकडं तोंड करते. का करते, तेच सांगायला बसलेय.

ज्योती घाटावरची. नाशिककडची, द्राक्षाच्या घरातली, शेतीचं कॉलेज केलेली. आम्ही खाडीकाठची, भाताची माणसं. माझ्या नितीननं तिला पसंत केली तेव्हा भावकीत नाकं मुरडली, पण मी मुरडलं नाही. तिचं सगळं मला आवडायचं — चालणं, हसणं, मोठ्यानं बोलणं. हे मुद्दाम सांगतेय. वैर होतं म्हणून केलं, असं असतं तर किती सोपं झालं असतं!

दिघाशीला आमचा एक उतार होता. नुसता मुरूम आणि दगड. तरणेपणी आमच्या ह्यांनी आणि मी तिथले दगड वेचून बांध घातले, नाचणी पेरली. हात फुटले, पीक काही आलं नाही, सोडून दिलं. हे गेले. नंतर त्या बाजूला गोडाऊनं उभी राहायला लागली आणि नितीन म्हणाला, देऊन टाकू. तेव्हा ज्योतीनं तो मुरूम मुठीत घेतला, चुरला आणि म्हणाली, "देऊ नका. वाइनच्या द्राक्षाला अशीच भुकेली जमीन लागते. इथली दमट हवा त्रास देईल, पण हा उतार चांगला आहे."

नितीन पोट धरून हसला. पण ती हटेना. शेवटी तो म्हणाला, वायनरीनं एकदा माल घेतला तर जमीन तुझी, नाहीतर गोडाऊनची. असं ठरलं. मी तिच्या बाजूनं बोलले होते, हे खरं. ते मोजायचं असेल तर मोजा.

गावात काय कमी चेष्टा झाली? बांधापलीकडची पार्वती कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय गो वैनी, घाटावरची सून तुजी दारूचा मळा लावतं म्हंतान, खरा हाय का?"

"दारू न्हाय गो बाय, द्राक्षं."

"मंग ती काय देवाला दाखवाची?"

मीही हसायचे. ज्योतीही हसायची.

वेली वाढल्या, पहिली खरी छाटणी झाली, घड लागले. एक दिवस तांदूळ निवडता निवडता तिनं मला सगळं समजावलं. म्हणाली, "खायच्या द्राक्षासारखं नसतं हे, आई. मणी बारीकच हवा. रंग आणि वास सालीत असतो. मणी फुगला की आत नुसतं पाणी वाढतं, साल तेवढीच राहते. म्हणून वेलीला पाण्याचा ताण द्यायचा. तिला कळतं की आता फार मिळणार नाही, मग ती शेंडा वाढवायचं सोडते आणि सगळा जीव घडात घालते." मी विचारलं, मग अजिबातच नको का पाणी? तर म्हणाली, "तसं नाही. ताण बेताचा हवा. फार झाला तर पानं करपतात, आणि पान म्हणजे वेलीची चूल. चूल विझल्यावर साखर कशावर शिजणार?" म्हणून ती रोज पानं तळहातावर घेऊन बघायची, कोवळे शेंडे चाचपायची आणि मोजून थोडं पाणी सोडायची. कडक हिरवा मणी मऊ होऊन रंगायला लागला, की द्राक्षवाले म्हणतात 'मण्यात पाणी उतरलं'. तिथून पुढं तर ती डोळ्यांत तेल घालून बसायची.

मला सगळं कळलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढं मी म्हणेन की मला बिचारीला काय माहीत — तेव्हा मला थांबवा.

घड रंगायला लागले तशी पाखरं यायला लागली. मग माझी ड्युटी लागली. ज्योती सकाळी मला स्कूटीवर मागं बसवून दिघाशीला न्यायची. आंब्याखाली मी, माझी थाळी आणि एक दांडका. पाखरं उतरली की बडवायची. दुपारी ती माझ्या नातीला, मनवाला, बालवाडीतून आणायला भिवंडीत जायची, आणि मी त्या उतारावर एकटी.

दुपारी वेली कशा दिसायच्या सांगू? पानं मिटल्यासारखी, शेंडे मान टाकलेले. माझी आई दारातल्या झाडांना पाणी घातल्याशिवाय आम्हाला चहा घेऊ द्यायची नाही. आणि भाताच्या माणसांना पीक म्हणजे पाण्यात पाय सोडून उभं असलेलंच माहीत. खाचरात पाणी बांधून धरलं की डोळे निवतात आमचे. एका दुपारी मला राहवलं नाही. माझ्या तांब्यातलं प्यायचं पाणी मी कडेच्या एका वेलीच्या बुडाशी ओतलं. दया आली हो. एक तांब्या पाणी, त्यानं काय होतंय? आणि मला अडाणी बाईला काय माहीत —

बघा. सुरू झालेच मी.

तो तांब्या दयेचाच होता. पण तांब्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढच्यानं, आणि ते दयेनं केलेलं नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला दुसरंच कारण सांगत होते. मी नवी नवरी असताना सासूबाई मला विहिरीवरून आल्या आल्या पाणी पिऊ द्यायच्या नाहीत. आधी माठ भरायचा, बापयांना द्यायचं, गडीमाणसांना द्यायचं, मग सुनेनं. त्यानं बाई वळणाची होते म्हणायच्या. तहानेनं मी काही गोड झाले नाही, मला माहीत आहे ना! म्हणून ज्योतीच्या तोंडून ताणाचं ऐकलं तेव्हा आतून काहीतरी पेटलं — खोटं आहे हे, जीवाला तहानेला ठेवून गोडी येते म्हणणारे सगळे खोटे. असं होतं का मनात? होतं थोडं. पण हेही ते नव्हे. हे कारण ऐकायला बरं वाटतं, म्हणून जपून ठेवलं इतकी वर्षं.

खरं कारण एवढंसं आहे. सांगायची लाज त्याचीच वाटते.

नाशिककडच्या वायनरीचे साहेब मळा बघायला आले. त्यांनी मणी तोंडात टाकला, बी दाढेखाली फोडून बघितली, पानं उलटीसुलटी केली. म्हणाले, "काय राखलाय हो ताण! असाच राहू द्या, माल आमचा." नितीन बाजूला उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आणि ह्या?"

ज्योती हसून म्हणाली, "ह्या आमच्या आई. पाखरं राखतात."

बस. एवढंच. त्यात काय खोटं होतं? मी पाखरंच राखत होते. थाळी हातातच होती माझ्या. त्या उतारावरचे दगड कुणी वेचले, ते बांध कुणाच्या हातचे — हे साहेबांना सांगायचं काही कारण होतं का? तिच्या मनात काही नव्हतं, कसलंच नव्हतं. संध्याकाळी नितीननं तिला आपल्या शेजारी जेवायला बसवलं, आणि दिघाशीत आता काय काय करायचं ते तिलाच विचारत राहिला. मी भाकऱ्या करत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीची स्कूटी वळणाआड गेली आणि मी उठून टाकीचा कॉक उघडला.

ती टाकी उताराच्या माथ्यावर. ज्योती पाणी द्यायची तेव्हा मोटर लावून द्यायची, म्हणजे सगळ्या ओळींना सारखं. मी नुसता कॉक सोडायचे, म्हणून पाणी आपसूक खालच्या ओळींना जायचं, वरच्या ओळींपर्यंत चढायचंच नाही. ओळींमधे पेंढा अंथरलेला, त्यामुळं वरून ओल दिसायची नाही. टाकी बोअरवर आपोआप भरून यायची. मी आंब्याखाली बसून थाळी वाजवत असायचे आणि नळ्यांतून पाणी जाताना ऐकायचे. बरं वाटायचं का? हो. वाटायचं. रोज वाटायचं. एक दिवस केलं आणि पस्तावले, असं नाही. माल उतरेपर्यंत मी ते करत राहिले.

खालच्या वेलींना पुन्हा नवे फुटवे यायला लागले. मणी टपोरले, रंग फिका राहिला, घड आतून तडकून कुजायला लागले. ज्योती रात्रंदिवस त्याच विचारात. मी तिला पाठीवर हात फिरवून जेवायला घालायचे. हो — मीच.

साहेब पुन्हा आले. दुर्बिणीसारखी एक छोटी नळी असते, तिच्या काचेवर रसाचा थेंब ठेवून गोडी बघतात. वरच्या ओळीतला थेंब बघितला, मान डोलावली. खालच्या ओळींतले बघितले आणि नळी पुसून खिशात ठेवली. म्हणाले, "मॅडम, वरचा माल नंबर एक आहे. पण तेवढ्यासाठी गाडी कशी पाठवू? खालच्यात पाणीच पाणी आहे."

ते गेल्यावर ज्योतीनं टिकाव घेतला आणि खालच्या ओळीत स्वतः खड्डा खणला. चांगला मांडीएवढा. तळातला मुरूम हातात घेतला, दाबला. ओला होता. तिथंच मातीत बसून तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"आई, मी तर पाणी दिलंच नाही एवढं. ही ओल कुठून आली?"

आता बघा. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, रडले असते, काहीतरी बाहेर पडलं असतं. तिनं विचारलं ते जमिनीची माहिती असलेल्या जुन्या माणसाला विचारावं तसं. दगड कुणी वेचले ते तिला ठाऊक होतं की! पहिल्यांदाच मला त्या जमिनीचं कुणीतरी विचारत होतं. आणि मी काय सांगितलं?

"तिथं पूर्वी झरा होता गो. तुझे सासरे सांगायचे."

मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं. तो काय उठून नाही म्हणणार होता?

ज्योतीनं मुठीतला मुरूम खड्ड्यात सोडला. मग म्हणाली, "तरीच." तिला सगळं जुळलं. वरच्या ओळी चांगल्या, खालच्या बिघडलेल्या, फुटवे थांबेनात, खणलं तर ओल. शिकलेली मुलगी ती. माझ्या एका खोट्यावर तिनं सगळी खरी गणितं नीट रचली.

आणि तरी तिनं हार मानली नव्हती. रात्री जेवताना नितीनला म्हणाली, अजून एक हंगाम द्या. वरच्या अंगानं चर खणते, झऱ्याचं पाणी बाजूला काढून देते, मग खालच्या ओळीही वरच्यासारख्या होतील. नितीन विरघळला होता, शपथ सांगते. त्यानं माझ्याकडं बघितलं — आई, तू काय म्हणतेस?

मी 'दे' म्हटलं असतं तरी झालं असतं. काही कबूल न करता झालं असतं. चर खणला असता, मी कॉकला हात लावला नसता, पुढच्या साली माल गेला असता आणि मळा राहिला असता. एवढी मोठी वाट समोर होती. पण मला वाटलं, चर खणताना झरा सापडला नाही तर? मग ती पुन्हा विचारेल. मग तिला टाकी आठवेल.

मी म्हटलं, "झऱ्याला अडवू नये, वळवू नये. घराला लागतं."

आमच्याकडं म्हाताऱ्या बाईनं असं म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही. नितीननं ताट सरकवलं. संपलं.

वेली काढायला जेसीबी आला त्या दिवशी ज्योती रडली नाही. माझ्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "आई, तुम्ही हातानं वेचलेली जमीन होती. मी वाया घालवली." मी तिला उठवून जवळ घेतलं. घेतलं हो. हे हात तेव्हा झडले कसे नाहीत?

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. मलाही वाटलं होतं. पण खोटं बोललेलं माणसासारखं वाढतं. गोडाऊन बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या कानावर झरा गेला. त्यानं पाया खणताना झऱ्याचं पाणी बाहेर काढून द्यायला मोठा पाइप टाकला. पाणी काही आलं नाही. मग गावात उठलं की गोडाऊनमुळं झरा रुसला, आटला. पार्वती मला येऊन सांगते, "माज्या सासूनं पन बघितलेला गो तो झरा, बारमाही व्हता." ऐकताय ना? तिच्या सासूनं बघितला! तिथला वॉचमन यूपीचा, भाविक माणूस. त्यानं पाइपाच्या तोंडाशी एक दगड मांडला, शेंदूर लावला. आता दरवर्षी तिथं झरामातेची पूजा होते. गोडाऊनातली सगळी पोरं उभी राहतात, आणि वॉचमन हाक देतो, "पहला लोटा अम्माजी का! झरना इन्हीं के घर का है।" मग मी पुढं होते आणि पाणी घालते. बिसलेरीच्या जारचं पाणी. दरवर्षी.

ज्योती त्याच गोडाऊनच्या ऑफिसात नोकरीला लागली. पोरांच्या शिफ्टा लावते. येता-जाता त्या दगडाला हात जोडते. माहेरी कुणी नवा मळा लावायचा म्हटलं, की ती फोनवर सांगते — लावण्याआधी जुन्या माणसांना विचारा, जमिनीत झरा आहे का. मी विचारलं नाही, तिथंच चुकले. ती हे माझ्यासमोर बसून सांगते. मी शेंगा सोलत असते.

सांगून टाकावंसं वाटत नाही का? वाटतं. सकाळी ती बाटली भरते तेव्हा रोज वाटतं. ओठांवर येतं. मग मनात येतं — हिला कळलं तर उद्या ही बाटली कोण भरणार? नातं तुटेल, तिला दुःख होईल, असलं काही मनात येत नाही बघा. माझ्या बाटलीचं येतं. एवढीच आहे मी. ज्या कुलुपाची किल्ली माझ्याच तोंडात आहे, त्याच्या आत बसून घोट घोळवत असते.

परवा यंदाची पूजा झाली. पाय सुजलेले, तरी ज्योतीनं हाताला धरून नेलं. मी पहिला तांब्या घातला. नारळ फुटला. वॉचमननं जारमधलंच पाणी तीर्थ म्हणून प्रत्येकाच्या हातावर दिलं, माझ्याही दिलं. मी ओंजळ तशीच धरून ज्योतीकडं बघितलं. माझं दिवसाचं पाणी दुपारीच संपलेलं होतं, तिला माहीत होतं.

ती कानाशी वाकली. "घ्या, आई. झऱ्याचं म्हणून दिलंय. हे नाही मी मोजत."

मी प्यायले. आणि तहान होती, म्हणून हात पुन्हा पुढं केला.